स्वस्त फोर्क लगेच बदलू नका

पुण्याच्या वेताळ टेकडीवर माउंटन बाइक चालवायला सनटूर एक्ससीटी, म्हणजे पुढच्या चाकाचा धक्के झेलणारा स्वस्त स्प्रिंगचा फोर्क, चालेल का, तर चालेल. वजन अडीच किलोच्या आसपास, उतारावर दगड लागोपाठ आले की ठकठकतो, हे खरं. पण पहिलं वर्ष त्यावर मजेत निघतं. जे शिवी घालतात त्यांतल्या निम्म्यांनी टायरची हवाच कधी कमी करून पाहिलेली नसते! आधी ते करा. ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासून भरलेल्या टायरवर महागडा फोर्कही हात बधिर करतो. रुंद टायर असेल तर ३० च्या आसपास उतरवून बघा.

बाकी सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- फोर्कच्या डाव्या नळीवरचा प्रीलोड नॉब (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी गोल कळ) पिळला की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज. तुम्ही बसल्यावर फोर्क किती दबतो, तेवढंच बदलतं. तुमचं वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर कडक स्प्रिंगच लागेल.
- लॉकआउट, म्हणजे फोर्कचं दबणं बंद करणारी कळ, डांबरी चढापुरता. उतारापूर्वी उघडा.
- राइडनंतर चकचकीत नळ्या आणि त्यांभोवतीच्या रबरी सीलच्या कडा कोरड्या फडक्याने पुसा. दुकानदार डब्ल्यूडी-४० स्प्रे मारायला सांगेल, मारू देऊ नका. आतलं ग्रीस धुऊन जातं.

१०० मिमी दबणाऱ्या फोर्कच्या जागी १४० मिमीचा फोर्क टाकायचा मोह होईल. नको. हँडल वर जातं, चढावर पुढचं चाक भरकटतं आणि फ्रेमवर नको तेवढा ताण येतो.

एअर फोर्कचं (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या) पुढच्या वर्षी बोलू. तोवर उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट घ्या.