कॉमिक्स घेतलं अन् आता पस्तावून राहिलो: वाचकांचे प्रश्न

जुने कॉमिक्स तपासायचे, साफ करायचे आणि त्यांची अवस्था खरी काय आहे ते सांगायचं हे माझं काम. लोक तपासायला आणतात ते घेतल्यावर, आधी नाही. दिवाळीचा बोनस झाला की मेसेज सुरू होतात ते मार्च एंडपर्यंत, अन् सूर एकच, रात्री घेतलं, सकाळी वाटलं काहून घेतलं बाप्पा. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा इथं एकदाचं लिहून टाकतो. नावं काढली आहेत, नागपुरातला एरिया तेवढा ठेवला.

मनीष नगर: एका ग्रुपवर रात्री साडेअकराला इंद्रजाल या जुन्या कॉमिक्स मालिकेची पोस्ट आली, "मराठी इंद्रजाल, 40 अंकांचा रेअर लॉट, जो आधी पैसे टाकेल त्याचा." फोटो एकच होता, कव्हर्स पसरून काढलेला. मी लगेच यूपीआय केलं. पार्सल उघडलं तर दोनचार अंकांचं मधलं पान गायब आहे अन् एका कव्हरचा रंगच वेगळा दिसून राहिला. आता काय करू?

भाऊ, बाकीच्या अंकांची पानं मोजली का? दोनचार तुमच्या नजरेला पडले कारण त्यांच्या पिना ढिल्या होत्या. लोक कव्हर बघतात, नंबर बघतात, कागदाचा वास घेतात (हो, घेतात), फक्त पानं मोजत नाहीत, आणि माझं डोकं फिरतं ते इथंच.

तर आता मोजा, आणि अशी मोजा. पिन मारलेलं कॉमिक्स म्हणजे मधून दुमडलेले कागद, एका कागदाची चार पृष्ठं होतात, म्हणून कव्हर सोडून आतल्या पृष्ठांच्या आकड्याला चारने भाग गेला पाहिजे. नाही गेला तर कुठलं तरी एक पान फाटलंय, आणि त्याचा जोडीदार पलीकडच्या अर्ध्यात एकटा पिनेला लटकून असतो, प्रत्येक पान हलकेच हलवून बघा, सापडतो तो. खरी गंमत पुढं आहे. मधला अख्खा कागद गेला तर चार पृष्ठं एकदम जातात, त्यामुळे चारने भाग बरोबर जातो, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो की पेजेस कम्प्लीट आहेत. म्हणून पिनेची टोकं आतून जिथं दिसतात तिथं यायचं आणि गोष्ट वाचायची. डावीकडं वेताळ (इंद्रजालचा बुरखेवाला हिरो, इंग्रजीतला फँटम) गुहेत निवांत बसलाय अन् उजवीकडं एकदम जहाजावर मारामारी चाललीय, तर मधला कागद गेलाय असं धरा.

मग बघा कापाकापी. जाहिरातीचं कूपन पोरांनी कात्रीनं कापलं की मागच्या पानावरच्या गोष्टीला खिडकी पडते. हे आपल्याकडंच नाही. अमेरिकेत 1974 चा इन्क्रेडिबल हल्क 181 हा अंक आहे, वुल्वरीन हा एक्स-मेनमधला हिरो पूर्णपणे पहिल्यांदा आला तो. त्याच्या आत एक छोटा स्टॅम्प छापलेला होता, कापून जमवायचा, आणि पोरांनी कापलाही. आज ज्या प्रतीत तो स्टॅम्प नाही तिची किंमत धाडकन खाली येते. तिथले घेणारे पैसे देण्याआधी तो स्टॅम्प शोधतात, आपण एका धुरकट फोटोवर पैसे पाठवून मोकळे.

रंग वेगळा दिसणाऱ्या कव्हरवर दहापट भिंग धरा. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके रांगेनं बसलेले दिसतात, इंकजेटच्या प्रिंटमध्ये फवारा मारल्यासारखे विखुरलेले. पिनेच्या गंजाचा डाग आतल्या कागदावर आहे अन् कव्हरवर नाही, तर ते कव्हर मागाहून चढवलंय. कडेजवळ दोऱ्याची भोकं असतील तर अंक भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या एखाद्या लायब्ररीतला असणार, तिथं चारपाच अंक एकत्र शिवून ठेवायचे. हा काही गुन्हा नाही, पण विकणाऱ्यानं आधी सांगायला पाहिजे होतं.

आणि "रेअर" या शब्दाचं काय करायचं? इंद्रजाल 1964 ला सुरू झालं, 1990 ला बंद पडलं, मधल्या काळात आठशेच्या वर अंक निघाले, तेही बऱ्याच भाषांत. सगळेच रेअर कसे असतील? कोणता अंक कमी सापडतो ते अंकागणिक वेगळं आहे आणि लॉटमध्ये सहसा तो नसतोच, असता तर विकणाऱ्यानं सुटा काढून विकला असता.

आता पैशाचं. स्वतःच्या हातानं यूपीआय केलेले पैसे बँक नुसत्या पस्तावण्यावर परत देत नाही. आजच त्या पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, उद्या ती डिलीट होते. खराब अंकांचे फोटो काढा आणि विकणाऱ्याला लेखी मेसेज टाका की अमुक अमुक अंक अपुरे आहेत, परत घ्या. माणूस पैसे घेऊन गायबच झाला असता तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा म्हटलं असतं. विकणारा धंदा म्हणून विकत असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण हौशी माणसानं घरातला लॉट विकला असेल तर गोष्ट वेगळी होते, ते कागद घेऊन वकिलाला विचारा, मी वकील नाही. फक्त "बघू, देईल तो" करत दोन महिने काढू नका, माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या केसेस तिथंच मरतात.

सदर: घाईत घेतलेल्या अंकाचं कव्हर फाटलेलं निघालं. सेलोटेप लावू का लॅमिनेशन करू?

दोन्ही नाही. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि लॅमिनेशन निघत नाही, तसंच ठेवा अन् कागदाचं काम करणाऱ्याला दाखवा.

धरमपेठ: एका सिनेमात अमुक पात्र येणार अशी चर्चा होती म्हणून त्याच्या पहिल्या अंकाचा सीजीसी 9.8 चा स्लॅब अमेरिकेतून मागवला. सिनेमा आला, पात्र दोन मिनिटं दिसलं, भाव निम्म्यावर. होल्ड करू की विकू?

तुम्ही कॉमिक्स घेतलंच नाही, अफवा घेतली. सीजीसी ही कंपनी 2000 पासून अंकाला 0.5 ते 10 मध्ये ग्रेड देऊन प्लास्टिकच्या डब्यात सील करते, त्या डब्यालाच स्लॅब म्हणतात. ग्रेड म्हणजे अंक किती चांगला राहिलाय एवढंच, किती लोकांना तो पाहिजे हे त्या डब्यावर लिहिलेलं नसतं. आजकालचा अंक दुकानातून सरळ ग्रेडिंगला जातो, त्यामुळे नव्या अंकांचे 9.8 ढिगानं आहेत. पन्नाससाठ वर्षं जुन्या अंकाचा 9.8 ही वेगळी गोष्ट आहे आणि कॉमिक्सचे व्हिडिओ करणारे हा फरक सांगत नाहीत, कारण त्यांच्या व्हिडिओखाली विकायची लिंक असते.

हा खेळ जुना आहे. 1991 मध्ये एक्स-मेनचा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या कव्हर्समध्ये काढला, 80 लाखांच्या आसपास प्रती दुकानांत गेल्या. लोकांनी पाचही कव्हर्स घेतले, पोरांच्या कॉलेजची सोय झाली म्हणून. पुढच्या वर्षी सुपरमॅन मेला, तो अंक काळ्या पिशवीत सील करून विकला, लोकांनी एक वाचायला अन् एक न उघडता ठेवायला घेतला. सगळ्यांनीच जपून ठेवलं तर कमी पडणार कोणाला? काही वर्षांत बाजार बसला, दुकानं बंद पडली, 1996 च्या डिसेंबरात एक्स-मेन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. ते एक्स-मेन आजही स्वस्तात मिळतात. आता इकडंही तेच येऊन राहिलं, व्हेरियंट कव्हर, लिमिटेड बॉक्स, नंबर टाकलेलं सर्टिफिकेट, स्क्रीनवर उलटं चालणारं घड्याळ. घड्याळ दिसलं की मोबाईल उलटा ठेवून झोपायचं.

तुमच्या स्लॅबचं म्हणाल तर आधी लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून खरा आहे का बघा. लेबलचा रंगही बघा, निळं म्हणजे साधं, जांभळं म्हणजे दुरुस्ती केलेला अंक, आणि जांभळा निळ्याच्या भावात गळ्यात पडला असेल तर पस्तावण्याचं कारणच वेगळं. विकायचं की नाही ते सांगणार नाही. विकणार असाल तर मागितलेल्या किमती बघू नका, विकून झालेल्या बघा, आणि टॅक्सचं सीएला विचारून घ्या.

महाल: अमर चित्र कथेचा "कृष्ण" पहिली आवृत्ती म्हणून घेतला, नंबर 501 आहे. फसलो का?

हो. "कृष्ण"चा मूळ नंबर 11, पाचशेच्या पुढचे नंबर नंतरच्या छपाईचे. आता कोणी 11 नंबरवाला दाखवला तर लगेच उडी मारू नका, त्या नंबरानंही तो परत परत छापला गेला. आतल्या पानावरचा पत्ता अन् छापील किंमत बघा आणि घेण्याआधी जाणत्याला दाखवा.

रामदासपेठ: पहिला अंक म्हणजे महागच ना?

नाही.

प्रताप नगर: माझे मिस्टर राज कॉमिक्स, डायमंड, जे दिसेल ते मागवतात. डबे उघडतही नाहीत. क्रेडिट कार्डाचं बिल मी चुकून पाहिलं. बोलले तर म्हणतात ही इन्व्हेस्टमेंट आहे.

ताई, उघडलेच नाहीत ते डबे इन्व्हेस्टमेंट कसले? आत काय आलंय हेच माहीत नाही आणि परत करायची मुदत निघून चाललीय. आज रविवार समजा अन् दोघं मिळून उघडा, बिल शेजारी ठेवा, भांडू नका, नुसतं लिहून काढा काय आलं अन् कितीला आलं. तुम्ही राज कॉमिक्स म्हणता, तर नागराज अन् ध्रुवचे जुने अंक अलीकडं परत छापून आलेत, चांगल्या कागदावर. मजेनं वाचायला घेतले तर उत्तम, पण नव्या छपाईला जुन्याचा भाव येईल ही आशा सोडा.

कार्डाचं आधी बघा. मिनिमम ड्यू भरत राहिलं की उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, वर्षाचं ते चाळीसच्या घरात जातं. कुठलंच कॉमिक्स दरवर्षी एवढं वाढत नाही. बँकेत जाऊन हप्ते पाडून घेता येतात का ते विचारा.

आणि एक नाजूक गोष्ट. लपवून घेणं, घेतल्यावर न उघडणं, वाईट वाटलं की परत घेणं, हे सगळं एकत्र असेल तर तो कॉमिक्सचा प्रश्न राहत नाही आणि माझ्या अखत्यारीतलाही नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मेडिकलला म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं जा. लोक काय म्हणतील करत वर्ष घालवू नका.

गोकुळपेठ: इतका राग आला स्वतःचा की सगळं कलेक्शन एका रट्ट्यात विकून टाकावं वाटतं. रद्दीवाला उद्या येऊन राहिला.

त्याला फोन करून नाही म्हणा, आत्ता. घेताना घाई केली ती केली, विकताना तीच करून दुप्पट तोटा कशाला? रद्दीवाला किलोवर नेतो आणि ग्रुपवर "पूर्ण कलेक्शन, अर्जंट" टाकलं की गिधाडं येतात, अर्जंट म्हटलं की भाव पाडायचा हे त्यांना पाठ आहे. महिनाभर हातच लावू नका. मग तीन ढीग करा, परत वाचणार ते, पूर्ण असलेले पण नको असलेले, आणि अपुरे. अपुरे विकताना अपुरे म्हणूनच विका. दुसरा ढीग एखाद्याला दाखवल्याशिवाय विकू नका, त्यात कधीकधी मराठी चांदोबाचे जुने अंक निघतात अन् लोक त्यांना शाळेची पुस्तकं समजून देऊन टाकतात.

इतवारी: घेतले तर घेतले, आता निदान टिकवायचे कसे? माळ्यावर ठेवलेत.

माळ्यावरून आधी खाली काढा. नागपुरात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असतं तेव्हा छताच्या स्लॅबखालच्या माळ्यावर काय होत असेल? न्यूजप्रिंट आधीच आम्लानं भरलेला, उष्णतेनं तो लवकर पिवळा पडून तुटतो. लोक मग काय करतात, तर थंड म्हणून कूलरच्या खोलीत आणतात. कूलर पाणी मारतो! दुपारभर खिडक्या लावून कूलर चालला की त्या खोलीतली हवा ओली, पिना गंजतात, कागद लाटांसारखा होतो, मग कसर लागते. बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लोखंडी कपाट, कूलर नाही त्या खोलीत, जमिनीपासून वर, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात त्या बदलायच्या. पिशव्या पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरच्या, पीव्हीसीच्या मऊ पिशव्या नकोत, अन् पाठीमागं आम्लमुक्त बोर्ड. रबर बँड काढा. डांबर गोळ्या कागदाला लागू देऊ नका. वाळवी दिसली तर फवारा मारू नका, ते अंक वेगळ्या पिशवीत बांधून आधी विचारा.

बरेच जण: तुमच्याकडं आणले तर बघाल का? अन् विकत घ्याल का?

बघीन. फोन करून या, अंक आडवे ठेवून आणा, गुंडाळी करून नाही, आणि येण्याआधी टेप लावू नका. विकत घेत नाही. जो किंमत सांगतो तोच विकत घ्यायला तयार असेल तर दुसऱ्या एकाला विचारूनच सौदा करा.