न दिसणाऱ्या कृष्णविवराचे वस्तुमान कसे मोजले?

प्रश्न : सोबती तारा नसलेले एकटे कृष्णविवर सापडले असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सातपट आहे, असे २०२२ साली वाचनात आले होते. जे दिसत नाही आणि ज्याच्याभोवती काही फिरतही नाही, त्याचे वस्तुमान कसे काढले? – एक वाचक, सातारा

उत्तर : या वस्तूची पहिली खूण २०११ साली धनू राशीत, आकाशगंगेच्या मध्यभागाकडील दाट तारकागर्दीत मिळाली. पोलंडच्या ओगल आणि न्यूझीलंडमधून चालणाऱ्या मोआ या सर्वेक्षणांना तेथील एक तारा हळूहळू तेजस्वी होऊन पुन्हा पूर्ववत होताना दिसला. त्या ताऱ्याच्या आणि आपल्या मधून एखादी जड वस्तू गेली की तिचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करून ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे वळवते. यालाच गुरुत्वीय मायक्रोलेन्सिंग म्हणतात. मात्र तेज वाढण्याचा काळ भिंगाचे वस्तुमान, त्याचे अंतर आणि त्याची गती या तिन्हींवर एकत्रितपणे अवलंबून असतो, त्यामुळे हलकी पण संथ वस्तू आणि जड पण वेगवान वस्तू यांचे तेजाचे आलेख अगदी सारखे येऊ शकतात. पृथ्वीच्या सूर्याभोवतालच्या भ्रमणामुळे आलेखात येणारा किंचित बाक ही कोंडी काही अंशी फोडतो, पण पूर्ण नाही.

राहिलेली माहिती ताऱ्याच्या स्थानातून मिळते. भिंगामुळे ताऱ्याच्या दोन प्रतिमा तयार होतात; त्या इतक्या जवळ असतात की दुर्बिणीला त्यांचा एकच ठिपका दिसतो, पण त्या ठिपक्याचा मध्य ताऱ्याच्या खऱ्या जागेपासून थोडा ढळलेला असतो. तारा, भिंग आणि आपण अगदी एका रेषेत असताना तेज सर्वाधिक असते, तर हे ढळणे शून्य असते. ते कमाल पातळीला पोहोचते ते तारा आणि भिंग एकमेकांपासून काहीसे दूर गेल्यावर, आणि तेज ओसरले तरी बराच काळ टिकून राहते. म्हणूनच कैलाश साहू यांच्या नेतृत्वाखालील गटाने हबल दुर्बिणीने या ताऱ्याचे स्थान २०११ ते २०१७ अशी सहा वर्षे टिपले. ढळण्याचे कमाल मूल्य विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) हजाराव्या भागाच्या दुपटीहूनही कमी होते. विकलेचा हजारावा भाग म्हणजे अडीच सेंटीमीटर व्यासाचे नाणे पाच हजार किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा कोन. त्यातच या ताऱ्याला खेटून एक बराच तेजस्वी तारा आहे आणि त्याचा प्रकाश काळजीपूर्वक वजा करावा लागला.

हे ढळणे आणि पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम एकत्र मांडल्यावर साहूंच्या गटाला वस्तुमान सूर्याच्या ७.१ पट आणि अंतर सुमारे पाच हजार प्रकाशवर्षे मिळाले. भिंगाचा स्वतःचा प्रकाश आढळला नाही. एवढ्या वस्तुमानाचा तारा असता तर तो लपला नसता. केसी लॅम आणि जेसिका लू यांच्या गटाने मात्र त्याच वर्षी १.६ ते ४.४ पट असा अंदाज दिला, म्हणजे ती वस्तू न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा कृष्णविवराहून हलका पण अतिदाट गाभा, असण्याचीही शक्यता उरली. पुढील फेरतपासणीत त्यांचाही आकडा सहापटींच्या आसपास पोहोचला. एकाच निरीक्षणावर दोन गटांनी स्वतंत्रपणे केलेल्या या कामामुळेच आज तो आकडा विश्वासार्ह वाटतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : ही पद्धत केवळ अदृश्य वस्तूंसाठीच आहे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. उलट तिचा पहिला मोठा विजय दिसणाऱ्या ताऱ्यावरच झाला. एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाला वाकवताना प्रत्यक्ष दिसेल, अशी आशा आइनस्टाइन यांना १९३६ साली वाटत नव्हती. पण स्टाइन २०५१ बी हा सुमारे अठरा प्रकाशवर्षांवरचा श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) मार्च २०१४ मध्ये एका दूरच्या मंद ताऱ्याच्या अगदी जवळून जाणार, हे त्याच्या गतीवरून आधीच हेरता आले आणि हबलने मंद ताऱ्याचे सरकणे मोजले. २०१७ साली जाहीर झालेले वस्तुमान सूर्याच्या ०.६७५ पट होते. चंद्रशेखर यांच्या कामावर उभ्या असलेल्या श्वेत बटूंच्या सिद्धांताशी ते जुळले, आणि पूर्वीच्या कमी अंदाजांमुळे या ताऱ्याच्या गाभ्यात लोह असावे अशी जी शंका होती, ती दूर झाली.

अशा भेटींची भाकिते आता गाया उपग्रहाने मोजलेल्या स्थानांमुळे अधिक नेमकी करता येतात. एलएडब्ल्यूडी ३७ या श्वेत बटूचे वस्तुमान, सूर्याच्या ०.५६ पट, याच मार्गाने २०२३ साली प्रसिद्ध झाले.