कपाटाचं कुलूप आधी काढा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. चार वर्षं ऑल्टो सॅक्सोफोन शिकतोय, लंडनच्या ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेची सहावी ग्रेड झाली. आता म्हणतो, अमेरिकेत जाऊन जॅझच शिकणार. गुण घसरले म्हणून चार महिन्यांपूर्वी मी सॅक्सोफोन कपाटात कुलूपबंद केला, बोर्डानंतर देईन. आधी इंजिनिअरिंग करावं असं मला वाटतं. फारच हट्ट धरला तर तिकडे संगीताची डिग्री घेऊन युनिव्हर्सिटीत प्राध्यापक व्हावं, म्हणजे वाजवून पोट भरायची वेळ येणार नाही. — एक वडील, पुणे

गुणांचं नंतर पाहू. पत्रात मला खटकलं ते कुलूप. सॅक्सोफोनचा सूर ओठांच्या पकडीवर टिकतो आणि ती पकड म्हणजे तोंडाभोवतीच्या लहान लहान स्नायूंची ताकद. चार महिन्यांच्या खंडानंतर दहा मिनिटांत त्याचे ओठ थकतील, वरचे स्वर डळमळतील, सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येईल. त्यात वाद्य आतून न पुसता ठेवलं असेल तर पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या छोट्या गाद्या, चिकटलेली असतील, जी-शार्प या स्वराचं तर बहुधा असणारच. पोराला वाटेल, आपल्याला येतच नव्हतं. घसरलेल्या गुणांना ही शिक्षा फार मोठी आहे, आणि तिच्यामुळे गुण वाढले असं तुम्हीही लिहिलेलं नाही. आजच कुलूप काढा. पॅड तपासून घ्या, नवी रीड, म्हणजे तोंडाकडची कंप पावणारी पातळ पट्टी, आणून द्या. रोज वीस-वीस मिनिटं दोनदा, पहिले पंधरा दिवस नुसते लांब सूर. बारावीच्या अभ्यासातून एवढी चाळीस मिनिटं निघतात.

प्राध्यापकीचा तुमचा हिशेब मात्र उलटा आहे. तिथे जॅझ सॅक्सोफोन शिकवायला माणूस घेताना तो कुणाबरोबर वाजवतो, त्याचे अल्बम कोणते, हे बघतात. ऑल्टोवादक रुद्रेश महंतप्पा बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकले, शिकागोच्या डीपॉल युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलं, न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं स्वतःचे बँड चालवले, २००८ साली कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांबरोबर 'किन्समेन' हा अल्बम काढला. प्रिन्स्टनच्या जॅझ विभागाचे संचालक ते झाले २०१६ मध्ये. पूर्णवेळ सॅक्सोफोनची जागा एका विभागात बहुधा एकच असते आणि ती सहसा रिकामी होत नाही. किमान मास्टर्स लागतं, अनेक ठिकाणी डीएमए ही वादनातली डॉक्टरेटही मागतात : चार अधिक दोन अधिक साधारण तीन वर्षं. बाकीचे बरेच जण आपल्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखे, कोर्सगणिक पैशांवर शिकवतात आणि संध्याकाळी वाजवतात. वाजवणं टाळायचं असेल तर ही वाट सोडाच.

जेईई, सीईटीचे फॉर्म भरा, बोर्डही नीट देऊ द्या. बारावीची गुणपत्रिका परदेशी प्रवेशालाही लागते.

पण मुलाची तयारी किती, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. ग्रेडच्या परीक्षेला नेमलेले तुकडे घोटून बसवता येतात. जॅझमध्ये पियानोवाला एफ पट्टीतला ब्लूज धरतो, म्हणजे १२ बारचं पुन्हा पुन्हा फिरणारं आवर्तन; ऑल्टोची बांधणीच वेगळ्या पट्टीची, म्हणून ऑल्टोवाल्याला तो डीमध्ये, कागदाशिवाय, प्रत्येक फेरीला नवं काही सुचवत वाजवावा लागतो. हे त्याला जमतं का? जॅझचा थोर ऑल्टोवादक चार्ली पार्कर याचा एखादा सोलो त्याने नुसता ऐकून उतरवलाय का? अमेरिकेतल्या चांगल्या विभागांना बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेकॉर्डिंग लागतं : एक ब्लूज, एक संथ बॅलड, एक जलद चाल, मध्ये कापाकापी न करता. त्यातून निवडलेल्यांची ऑडिशन जानेवारी ते मार्च. बर्कलीसारख्या खाजगी कॉलेजात शिष्यवृत्तीशिवाय चार वर्षांचा खर्च दोन कोटींच्या वर जातो. टेक्सस राज्यातल्या डेंटनच्या नॉर्थ टेक्सस युनिव्हर्सिटीत १९४७ पासून जॅझची पदवी आहे, सरकारी असल्याने तिथे खर्च कमी येतो. कर्जाचा विचार रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय करू नका.

त्याने इंजिनिअरिंग करत रोज दोन तास वाजवायचं ठरवलं तर तेही चालेल, ठरवणारा मात्र तो हवा. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याचं एकच वाक्य आहे. वाद्य हातात आल्यावर सहा आठवड्यांनी त्याने स्वतः मला लिहावं, सोबत ब्लूजचं रेकॉर्डिंग पाठवावं, चुकांसकट.