सोबत कोण आहे?

सई,

परवा रात्री जेवताना तू विचारलंस ते डोक्यातून जात नाही. "आई, तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस. मग अकरा रात्री आजीजवळ हॉस्पिटलात राहून तू नेमकं केलंस काय?" आणि मी ताटं उचलायला उठले तेव्हा हळूच पुढचं, "तू म्हातारी झालीस की मीही असंच करायचं का?" मी "बघू गं" म्हणून सिंककडे वळले. तुला वाटलं असेल मी रागावले. रागावले नव्हते, लागलं मात्र होतं. या विषयावर तोंडी बोलायला गेले की मला रडू येतं आणि तू बिचारी गप्प होतेस, म्हणून लिहितेय. जमेल तेव्हा वाच.

आधी आबांचं सांगते. आबा म्हणजे माईचे सासरे, माझे आजोबा, जिन्यातल्या फोटोत फेटा बांधून बसलेत ते. १९८४ साली, मी नऊ वर्षांची असताना, त्यांना मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ठेवलं होतं. डॉक्टर वॉन्लेसनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. आमच्याकडे माणूस जास्त आजारी झाला की "मिरजेला न्या" एवढंच म्हणायचे, हॉस्पिटलचं नाव घ्यायची गरजच नसायची. पार बेळगाव, विजापूरकडून माणसं यायची. आबांच्या शेजारच्या कॉटवर एक कानडी आजोबा होते. त्यांच्या बायकोला मराठी येत नव्हतं, माईला कानडीतलं "ऊट आयता", म्हणजे जेवण झालं का, एवढं सोडलं तर काही नाही. पण माई खाली गेली की त्या आबांना पाणी पाजायच्या, आणि त्या डोळा लागून पडल्या की माई त्यांच्या आजोबांचं पांघरूण सारखं करायची.

आम्ही तेव्हा आरगला राहायचो. सुट्टी होती म्हणून माई मला बरोबर न्यायची. सकाळी डबा भरून आम्ही बार्शी लाइटनं मिरजेला जायचो. अडीच फुटी रुळांवरची इवलीशी गाडी, एवढी सावकाश की मला वाटायचं मी शेजारून पळाले तर पुढे जाईन. डबा चार कप्प्यांचा, स्टीलचा. खाली मऊ भात, त्यावर मुगाचं वरण, मग दुधात कुस्करलेली भाकरी आणि सगळ्यात वर बोटभर लिंबाचं लोणचं. आबांना लोणचं मना होतं. माई ते त्यांच्या जिभेला नुसतं लावायची आणि म्हणायची, "झालं. डॉक्टरांना सांगू नका." मांडीवर डबा घेऊन बसायचं काम माझं. तो मांडीला चटके द्यायचा, पण मी जागा बदलायची नाही, कारण माईनं विश्वासानं दिलेला असायचा.

हॉस्पिटलात माझं दुसरं काम होतं. तेव्हा सलाईनच्या बाटल्या काचेच्या असायच्या, उलट्या टांगलेल्या, कडेला आकडे लिहिलेली कागदी पट्टी. बाटलीतून एक बुडबुडा वर जायचा, खाली नळीत एक थेंब पडायचा. माईनं मला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "पाणी गळ्याशी आलं की सिस्टरना हाक मार." बस्स. ती कपडे धुवायला गेली की मी एकटी त्या बाटलीकडे बघत बसायची. मला खात्री होती की मी डोळे हलवले तर आबा जातील. एकदा लघवीला लागली तर कानडी आजींना खुणेनं बाटली दाखवली, त्यांनी मान हलवली, त्या स्टुलावर येऊन बसल्या, तेव्हा मी गेले.

याला कोणी रीत म्हणत नव्हतं. मला कोणी समजावूनही सांगितलं नाही. आपल्याकडे कुणाला ॲडमिट केल्याचं कळलं की पहिला प्रश्न "काय झालं?" आणि लगेच दुसरा, "सोबत कोण आहे?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कोणी नाही" असं मी लहानपणी कधी ऐकलंच नाही. आजार मोठा होता, पैसे नव्हते, डॉक्टर भेटत नव्हते, हे सगळं ऐकलंय. सोबत कोणी नाही, हे नाही.

पहिल्यांदा ते माझ्याच वाट्याला आलं, तू झालीस तेव्हा. इथे रेडिंगला. संध्याकाळी भेटायची वेळ संपली आणि बाबाला घरी जा म्हणाले. सिस्टर फार चांगली होती, चहा आणि टोस्ट आणून दिला, घंटी कुठे आहे ते दाखवलं, दोनदा डोकावून गेली. काहीही कमी पडलं नाही. तरी तुला छातीशी धरून मी पहाटेपर्यंत रडले, कारण पडद्यापलीकडे माझं कुणी नव्हतं. म्हणून तू जेव्हा म्हणतेस की "तिथे नर्स होत्या ना", तेव्हा तुझं बरोबर आहे हे मला कळतं, आणि तरी ती रात्र आठवते.

आता माईचं. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते नीट झालं. मग छातीत कफ झाला आणि दादामामाचा फोन आला, "येऊन जा." तू विचारलंस काय केलंस. खरं सांगू? सलाईनवर लक्ष ठेवायला आता माणूस लागत नाही. औषध संपत आलं की यंत्र स्वतःच पीं पीं करतं. मी दर दोन तासांनी सिस्टरबरोबर माईची कूस बदलली, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून. तीन चेंडूंचं ते फुंकायचं, नाही, आत ओढायचं यंत्र तिच्यापुढे धरलं. एक चेंडू वर जायचा, दुसरा नुसता थरथरायचा. ओठांना तूप लावलं. नखं कापली. "पेशंटचे नातेवाईक" अशी हाक आली की चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलमध्ये पळाले. यातलं बहुतेक सगळं दुसऱ्या कुणी केलं असतं, कदाचित माझ्याहून चांगलं.

पण पाचव्या रात्री एक झालं ते तुला सांगितलेलं नाही. तीनच्या सुमाराला माई उठून बसायला बघू लागली. हाताची सुई ओढायला लागली. म्हाताऱ्या माणसांना हॉस्पिटलात असा भ्रम होतो, रात्री जास्त होतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ती सारखी म्हणत होती, "डबा भरला काय? गाडी चुकंल." सिस्टर नवीन मुलगी होती, तुझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, भूक लागली का? सकाळी नाश्ता येईल हं." माई आणखीच चिडली. तिला जेवायचं नव्हतंच. ती बेचाळीस वर्षांची होती, आरगला होती, आणि मिरजेत आबा उपाशी होते.

मी तिच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "भरला, माई. भात मऊ केलाय. लोणचं वरच्या कप्प्यात आहे. डबा माझ्या मांडीवर आहे." तिनं अंधारात हात पुढे केला आणि माझ्या मांडीवर ठेवला. चाचपून बघितलं. मांडीवर उशी होती, ती तिनं दोनदा थोपटली. "तापतोय काय?" मी म्हटलं, "नाही." मग ती झोपली.

तर हे केलं मी, सई. त्या अख्ख्या मजल्यावर तो डबा माहीत असलेलं माणूस मी एकटीच होते.

एवढ्यावर थांबले तर तुला वाटेल आई बाजू मांडतेय. म्हणून पुढचंही लिहिते. आठ रात्रींनंतर तिला आयसीयूत हलवलं. तिथे सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. शेवटच्या तीन रात्री मी काचेच्या दाराबाहेर खुर्चीत होते. ती पहाटे गेली तेव्हा मी बारा पावलांवर होते आणि आमच्यापैकी कुणीही तिच्याजवळ नव्हतं. हे मला झोपू देत नाही. तिनं तात्या गेले तेव्हाच बजावलं होतं, "मला नळ्या लावू नका." आपली शेवटची इच्छा आधीच लिहून ठेवता येते, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला मान्यता दिलीय, हे मला माहीत होतं. पण चहा पिताना आईपुढे असला कागद कोण ठेवणार? दादामामानं नळ्या लावायच्या परवानगीवर सही करायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. घरी न्यायला हवं होतं का? मला वाटतं, हो. तेव्हा धीर झाला नाही.

आणि मामी. माझ्या अकरा रात्रींचं गावभर कौतुक झालं, "पोरगी इंग्लंडहून आली, आईची सेवा केली." मी यायच्या आधीच्या सहा रात्री वहिनीच फरशीवर होती. मी आल्यावर दिवसा तीच असायची, डबे तिचे, धुणं तिचं, बिनपगारी रजा तिची. त्याआधीची नऊ वर्षं माईच्या गोळ्या तीच मोजत होती. आमच्या घरात सोबत म्हणजे बायकांनी उशाशी आणि पुरुषांनी मेडिकलच्या रांगेत, हे मी नऊ वर्षांची असताना बघितलं आणि पन्नाशीला आले तरी तेच बघितलं. वहिनीला कोणी विचारलंच नाही की तुला जमेल का. तू निदान मला विचारलंस. ते मला लागलं, पण विचारलंस ते बरं केलंस.

तेव्हा तुझा दुसरा प्रश्न. नाही, तू असं करायचंस असं मी म्हणणार नाही. तू कुठे असशील, काय करत असशील, कोण जाणे. मला सिस्टरच्या हातचं पाणी चालेल. मी माझा कागद लिहून ठेवणार आहे, तुझ्यावर सहीची वेळ येऊ नये म्हणून. फक्त कधी भ्रमात मी डब्याचं काही बोलायला लागले, तर ते काय आहे हे आता तुला माहीत आहे.

दहाव्याचं तू व्हिडिओवर बघितलंस, कावळ्याबद्दलही विचारणार होतीस. ते पुन्हा कधीतरी.

तो डबा वहिनीनं मला दिलाय. बॅगेतून काढलाय, पिठाच्या डब्यामागे ठेवलाय. वरच्या कप्प्याचं झाकण नीट बसत नाही, लावताना जरा दाबावं लागतं.

रविवारी सकाळी मी मामीला फोन करणार आहे. तिची पाठ अजून दुखते म्हणे. मला एकटीला तिच्याशी बोलायला जड जातंय. तू शेजारी बसशील का? बोलायला नको, नुसती बस. अभ्यास असेल तर राहू दे.

आई