48 हजार द्यायच्या आधी मागची पट्टी वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि आधी त्या जुन्या सेटच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला. 'एसी 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ'. म्हटलं, घ्या, हे तर आमचंच जुनं दुखणं.

थोडक्यात, कोल्हापुरात अमेरिकेहून परतलेल्या एका गृहस्थांकडे मरँट्झ 2230 रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच डब्यात) आणि बेल्टवर चालणारं टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) आहे. दोन्हीचे मिळून ते 48 हजार सांगतायत, मोबाईल जोडून ऐकवलं तेव्हा 'आवाज एकदम दमदार' होता, आणि भाव रास्त आहे का असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेतल्या साइटवर तोच रिसीव्हर याहून महाग दिसतो, हेही तुम्ही लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी हाच हिशोब मी केला होता, शब्दाला शब्द. म्हणून जरा सविस्तर लिहिते. केबल, पॅकिंग, धूळ झाडणं वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते.

आधीच सांगते, मी तंत्रज्ञ नाही. बँकेतून निवृत्त झालेली, पेटी वाजवणारी बाई आहे. खालचे आकडे माझ्या बिलांचे आणि त्या वेळचे आहेत, तुमच्याकडे वेगळे पडतील.

मी घेतलेला सेट ठाण्याचा. रिसीव्हर आणि टर्नटेबल मिळून 46 हजार. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. पुण्याहून गाडी करून गेलो. भाव मी विचारत होते आणि उत्तरं नवऱ्याला मिळत होती, ज्याला ट्रेबल आणि ट्रबल यातला फरक कळत नाही. हे प्रत्येक ठिकाणी होतं, असो. विक्रेत्याने बटण दाबलं, डायलवर निळा उजेड पडला, चार सेकंदांनी आतून रिलेचा 'टक' आवाज आला, मोबाईलवरून गाणं सुरू झालं. मी विरघळले. लाकडी पेटी, जाड अॅल्युमिनियमच्या खुंट्या, उचलताना कंबर मोडेल असं वजन. पैसे दिले.

रेकॉर्ड लावून पाहिलीच नाही. 'सुई नवी घालावी लागेल, नाहीतर तुमच्या रेकॉर्डला चरे पडतील', असं ते म्हणाले आणि मला ते काळजीचं वाटलं. सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. मोबाईल ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरची साधनं जोडायच्या खाचेत जातो. रेकॉर्डचा सिग्नल फोनो भागातून जातो, तो भाग वेगळा, आणि पन्नास वर्षांत खराब व्हायचा तर तोही होतो. मी ज्यासाठी सेट घेत होते तो रस्ता सोडून बाकी सगळं ऐकून आले.

घरी आल्यावर नवं कार्ट्रिज (सुई असलेला भाग) बसवलं, आपली 230 व्होल्टची वीज खाली आणणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, वडिलांची एक एलपी लावली. डावीकडून फक्त खरखर. ते एक वेळ ठीक. पण गायक कोणी भलताच. ही रेकॉर्ड मी लहानपणापासून ऐकलेली, गायक काळी एकच्या पट्टीत गाणारा. पेटी ओढून घेतली तर आवाज खालच्या काळी पाचवर बसलेला! तानपुरा पडशात वाजल्यासारखा. थाळीवर कागदाचा कपटा चिकटवून घड्याळ लावलं, मिनिटात 28 फेऱ्यासुद्धा पुऱ्या होईनात. हव्यात 33⅓.

कारण शाळकरी आहे. त्या काळच्या बऱ्याच बेल्टच्या टर्नटेबलांची मोटर विजेच्या आवर्तनांना, म्हणजे हर्ट्झला, बांधलेली असते. अमेरिकेत 60, आपल्याकडे 50, म्हणजे वेग सहाचा पाच झाला. सहाला पाच हे नेमकं सा आणि कोमल गंधार यांच्यामधलं अंतर. अख्खं गाणं कोमल गंधाराएवढं खाली उतरतं, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. आणि हे महत्त्वाचं: स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. दुकानदार 'सगळं चालेल ताई' म्हणतो, कारण त्याच्याकडे मिक्सरवालेच येतात.

उपाय म्हणजे मोटरवरची पितळी पुली बदलणं. 50 हर्ट्झसाठी ती एक पंचमांश जाड लागते. शिवणयंत्राच्या बॉबिनपेक्षाही छोटी वस्तू. इथे मिळेना म्हणून परदेशातून मागवली, आणि ती एका पार्सल कार्यालयात अडकली. चार फेऱ्या. पहिल्या फेरीत ओळखपत्र. दुसऱ्या फेरीत 'हा यंत्राचा भाग की वाद्याचा?' तिसऱ्या फेरीत खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, 'टर्नटेबल म्हणजे जेवणाच्या टेबलावर भाज्या फिरवतात ते ना?' आणि मूळ यंत्राचं खरेदी बिल मागितलं. सत्तरच्या दशकात दुसऱ्या खंडात कोणीतरी घेतलेल्या यंत्राचं बिल! मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे, नियम मला कळतात. पण नियम सांगायचा तर तो एकदाच, सगळा सांगावा ना. दर फेरीला एक नवा कागद, आणि अडीच वाजता 'आता उद्या'. शेवटी साठवणुकीचे पैसेही माझ्याकडूनच घेतले, त्यांनीच अडवून ठेवलेल्या दिवसांचे. पुली हातात आली आणि तिचं भोक माझ्या मोटरच्या दांड्याला बसेना. तो दोष विकणाऱ्याचा की माझ्या मापाचा, ते आजही ठरलेलं नाही.

बिलं अशी: सेट 46,000, गाडी 3,200, ट्रान्सफॉर्मर 2,800, फोनो भागाची दुरुस्ती 4,500, कार्ट्रिज 3,900, पुली 2,400, तिच्या सुटकेचे 1,650. शेवटी भोसरीच्या एका लेथवाल्या दादांनी जुनी पुली व्हर्नियरने मोजून नवी कातून दिली, तिचे 400. एकूण 64,850. त्याच महिन्यात माझ्या ओळखीच्यांनी तसाच सेट, पण आपल्याच विजेवर चालणारा, 41 हजारांना घेतला. त्यांनी मला तो हौसेने दाखवला आणि मी हौसेने चहा प्यायले.

आता तुमच्या भावाचं. परदेशी साइटवर दिसतो तो मागितलेला भाव. तिथेही 'विकले गेलेले' असं गाळून पाहता येतं, आकडे बरेच खाली येतात. आणि तो खाली आलेला भावही तिथल्या माणसासाठी आहे, ज्याला प्लग भिंतीत घातला की झालं. डॉलरला रुपयांनी गुणून जे येतं तो तुमच्या दारातला भाव नव्हे. तुम्हाला वजाबाकी करायची आहे. माझी पद्धत (पटली तर घ्या): असाच सेट, सगळं ठणठणीत, आपल्या विजेवर चालणारा, आपल्याकडे कोणी प्रत्यक्ष किती देऊन घेतला ते दोन-तीन जणांना विचारायचं. त्यातून दुरुस्तीचा वाईटात वाईट अंदाज वजा करायचा, मग ने-आण, मग ट्रान्सफॉर्मर आणि पुली, मग अजून न दिसलेल्या एका बिघाडाचे पैसे. तो एक बिघाड असतोच. उरेल त्याच्या वर जायचं नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

'सर्व्हिस केलेला आहे' या शब्दांना मी शून्य रुपये देते. बिल दाखवा, काढलेले जुने कपॅसिटर पिशवीत ठेवले असतील तर दाखवा, मग बोलू. आतले पॉवर मॉड्यूल (स्पीकरला ताकद देणारे तयार भाग) बदलले असतील तर त्याचे पैसे वाढवू नका, उलट कमी करा. सॅन्योच्या एसटीके मॉड्यूलच्या बनावट नगांचा बाजारात सुळसुळाट आहे आणि बाहेरून ओळखणं माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरचं आहे.

वॅटवरूनही भाव चढवतात. तुमचा 2230 म्हणजे एका बाजूला 30 वॅट, त्या मालिकेत शेवटच्या दोन आकड्यांतच वॅट सांगितलेत, 2270 म्हणजे 70. पण ते 30 खरे आहेत. अमेरिकेत 1974 साली जाहिरातीतले वॅट सलग वाजवून मोजलेलेच द्यायचे असा नियम आला, म्हणून त्या सुमाराच्या सेटांच्या कागदावरच्या आकड्यांवर मी बऱ्यापैकी विश्वास ठेवते. पुढे नव्वदीत आपल्याकडे स्टिकरवर हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराचा, फुगवलेला आकडा) लिहिलेले डबे आले, त्यांच्याशी तुलना करून 'फक्त तीसच?' म्हणून नाक मुरडू नका. दिवाणखान्याला तीस पुष्कळ.

प्रत्यक्ष जाल तेव्हा स्वतःची एक रेकॉर्ड न्या, अगदी पाठ असलेली. सुई खराब म्हणाले तर स्वस्तातलं चालू कार्ट्रिज बसवूनच ऐकवायला सांगा, चरे पडले तर पडू देत, म्हणून तर रेकॉर्ड जरा जुनी न्यायची. फेऱ्या मोजा. बॅलन्सची खुंटी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. अर्धा तास चालू ठेवा, कारण गरम झाल्यावर कुरकुरणारे सेट पहिल्या पाच मिनिटांत देवासारखे वागतात. मल्टिमीटर वापरणारं कोणी सोबत असेल तर रिकाम्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजायला सांगा. 50 मिलिव्होल्टच्या खाली असेल तर मी पुढे बोलणी करते, वर असेल तर स्पीकरच्या जिवाला भीती. आणि बरेच दिवस बंद असलेला सेट असेल तर थेट लावू देऊ नका. कुठल्याही जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बल्बचा बोर्ड (वीज बल्बमधून पुढे जाते असा) असतो, त्यावरून आधी चालू करायचा, अमेरिकेतला सेट असेल तर स्टेप-डाऊन मध्ये ठेवूनच. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर नमस्कार करून घरी यायचं.

रिसीव्हरला 50 हर्ट्झचं फारसं वाकडं नाही, ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो इतकंच. त्यासाठी मी 120 ऐवजी 110 व्होल्टवाला स्टेप-डाऊन वापरते, सेटच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. त्याच्या पिनवर लाल चिकटपट्टी लावून ठेवा. घरातल्या कोणी पाहुण्याने रिसीव्हरची पिन भिंतीत 230 ला घातली की संपलं.

जाता जाता, स्पीकरही देत असतील तर जाळी काढून कडेची फोमची कड अंगठ्याने अलगद दाबून बघा. बोटाला काळा चुरा लागला तर नवी कड बसवायचा खर्च धरा, आपल्या दमट हवेत तर ती टिकतच नाही. रबराची किंवा कापडाची कड असेल तर चांगलं. आणि कोणी 'खास जपानच्या बाजारातला' सेट स्वस्तात देऊ केला तर तो 100 व्होल्टचा असतो, शिवाय त्या जुन्या ट्यूनरचा एफएम 90 मेगाहर्ट्झला संपतो. पुण्याची विविध भारती 101 वर आहे. डायल बघत बसावं लागेल. कोकणात-गोव्यात आखाती देशांतून आलेले सेट त्या मानाने बरे, पाठीवर बहुधा व्होल्ट निवडायचं बटण असतं. टर्नटेबल मात्र सौदीतून आलं असेल तर तिथेही वीज 60 हर्ट्झचीच, तेव्हा पुली बघाच.

तर 48 हजारांचं काय? मी तुमच्या जागी असते तर दोन्हींचा भाव वेगवेगळा मागितला असता. जोडीने विकतात ते नेमकं टर्नटेबल खपवायला, असा माझा (थोडा दूषित) अनुभव आहे. रेकॉर्ड नीट वाजली तर रिसीव्हरला 25 ते 28 पर्यंत गेले असते, डायलचे दिवे सगळे पेटत असतील तर. टर्नटेबल हर्ट्झमुळे पाच-सहा हजारांच्या वर नाही. हे माझं मत आहे, बाजारभाव नव्हे, आणि मरँट्झचे चाहते इथे येऊन मला झोडपतील याची कल्पना आहे. गृहस्थ तुमच्या ओळखीतले असतील तर हर्ट्झची गोष्ट त्यांना सरळ सांगा. त्यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं नीट ऐकलेलं यंत्र आहे, त्यांना खरंच माहीत नसेल.

टर्नटेबलची थाळी उचलून मोटरच्या पुलीचा फोटो टाकाल का, शेजारी मोजपट्टी ठेवून? काही मॉडेलांना पुलीच्या दोन जोड्या यायच्या, आणि दुसरी थाळीखाली किंवा खोक्यात पडलेली असते, आधी ती शोधा. नसली तर पुली काढून घेऊन पुण्याला या, भोसरीच्या दादांकडे मी घेऊन जाईन. फक्त गुरुवारी येऊ नका, त्या दिवशी त्यांचं बंद असतं.