वायफाय सारखं तुटतंय, तर धंद्यासाठी आय फाइव्ह सोडून आय सेव्हन लॅपटॉप घ्यावा का?

नाही. वायफाय तुटण्याचा आणि प्रोसेसरचा काडीचाही संबंध नाही. तुमचं ऑफिस गुहागरात, जुन्या लॅपटॉपवर नेट दिवसभर येतं-जातं, म्हणून आय सेव्हनचे जास्तीचे पैसे टाकावेत का, असं तुम्ही विचारलंय. नेमका हाच वाद आमच्या घरात गेल्या गणपतीपासून पेटलेला आहे, त्यामुळे राहवलं नाही.

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. ऑफिस म्हणजे चिऱ्याची एक खोली, टेबल, तिजोरी आणि लॅपटॉप. टॅली, जीएसटी, ई-वे बिल सगळं त्या एकाच मशीनवर. गणपतीआधी काजूगराला मागणी असते. टेम्पो भरून दारात उभा, ड्रायव्हर तंबाखू मळून कंटाळलेला, आणि बिल काढायला बसलं की नेट गायब. पाच मिनिटांनी आपोआप परत.

माझा मेव्हणा पुण्यात आयटीत. त्याने फोनवर ऐकूनच निदान केलं, "भावोजी, डबा झालाय तो. आय सेव्हन घ्या, विषय संपवा." एका दुकानात दाखवला तर तिथला पोरगा म्हणाला मदरबोर्ड गेलाय, आणि आकडा असा सांगितला की त्यात जुना लॅपटॉप आला असता. आत उघडून बघायचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत.

मी आधी मोबाइल त्याच टेबलावर ठेवून त्याच वायफायला जोडला. मोबाइल व्यवस्थित, लॅपटॉप ठप्प. म्हणजे लाइन आणि राउटर निर्दोष सुटले. मग लॅपटॉप राउटरला चिकटवून बसलो आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची ती काळी खिडकी) ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही कमांड दिली. तिथे सिग्नल टक्क्यांत दिसतो. हातभर अंतरावर नव्वदच्या पुढे असायला हवा, इथे तिशीत लोळत होता. तेवढ्यात ग्रेडिंगला येणाऱ्या आमच्या एक मावशी दारातूनच म्हणाल्या, "लॅपटॉप अर्धोच उघडा ओ, मगे चलता." रोज बिलाची प्रत न्यायला येऊन त्यांनी ते हेरलं होतं. झाकण अर्ध्यावर आणलं, कमांड पुन्हा मारली, सिग्नल नव्वदीत. मागे रेललं, पुन्हा तिशीत!

कारण साधं आहे. वायफायचं कार्ड खाली, कीबोर्डच्या पोटात असतं. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना असतात वर, स्क्रीनच्या कडेला. त्यांना जोडणाऱ्या दोन बारीक वायरी बिजागरीतून वर जातात. आमची बिजागरी कडक झाली होती, तिने उघड-मीट करताना एका वायरीचं आवरण सोलून काढलं होतं आणि आतली तार तुटायला आली होती. कुडाळच्या एका कारागिराने वायर बदलली. खर्च मदरबोर्डच्या मानाने किरकोळ. मेव्हणा म्हणतो, "नशीब चांगलं होतं तुमचं." नशीब कसलं? बघितलं, म्हणून सापडलं.

तुमच्याकडे वायरच तुटली असेल असं नाही. नेट जातं तेव्हा मोबाइलवरही जातं का, ते बघा. जात असेल तर लॅपटॉपला हातच लावू नका. आपल्याकडे पावसात लाइट नुसती लपकली तरी इन्व्हर्टर बदली होईपर्यंत राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो, फायबरचा डबा लाइन पकडायला आणखी वेळ घेतो, आणि दिवे न विझल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. फक्त लॅपटॉपवरच जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची टिक काढा, आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून टाका. हा टॅब काही नव्या मशीनवर दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

चिऱ्याच्या भिंतीत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २.४ पेक्षा लवकर मरतो. राउटर लोखंडी कपाटामागून काढा, २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, दुसऱ्या खोलीत २.४ वापरा, २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा.

आता खरेदी. टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप वेब एवढाच संसार असेल तर आय फाइव्ह पुरून उरतो (इंटेलने आता कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं केलीत, गोंधळू नका). वाचलेले पैसे १६ जीबी रॅममध्ये घाला. रॅम बोर्डावर डकवलेली असेल तर नंतर वाढत नाही, म्हणून एक तरी स्लॉट मोकळा हवा. एसएसडी ५१२ जीबीची. स्क्रीन मॅट आणि निदान ३०० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप). पडवीत बसून काम करणाऱ्याला २५० निट्समध्ये स्वतःचं तोंडच दिसतं. आणि नेटची केबल खुपसायला अंगचा लॅन पोर्ट. मेव्हणा त्याला हसतो, यूएसबीचा डोंगल घ्या म्हणतो. डोंगल ऐन वेळी सापडत नाही, हा माझा अनुभव आहे आणि त्याचाही आहे, तो कबूल करत नाही एवढंच. महिनाअखेरीला रिटर्न भरताना मी सरळ केबल खुपसतो.

सिमकार्डवाला लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर ४जीचं मॉड्यूल आणि त्याच्या अँटेना कारखान्यातूनच बसवून घ्या. नुसता रिकामा स्लॉट बघून भुलू नका, कारण बऱ्याच मशीनमध्ये आत वायरी ओढलेल्याच नसतात. पुढे कधी वायफाय कार्ड बदलायची वेळ आली तर इंटेलचं एएक्स२११ फक्त त्याला धरून बनवलेल्या इंटेलच्या बोर्डावर चालतं, एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्याने एएक्स२१० मागावं.

हे सगळं हिशोबाच्या कामापुरतं. ऑटोकॅड किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर आय सेव्हन खुशाल घ्या, मी आड येणार नाही. आणि वॉरंटीत असलेला लॅपटॉप माझं वाचून घरी उघडू नका.

एक राहिलंच. ऑनसाइट वॉरंटी घेताना कस्टमर केअरला फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि माणूस गुहागरपर्यंत येतो का, ते ईमेलवर लिहून मागा. "मशीन कोल्हापूरला पाठवावं लागेल" असं उत्तर आलं तर त्या वॉरंटीचे जास्तीचे पैसे देऊ नका.