उंदराला पट्टे दाखवून त्याच्या मेंदूतलं ‘बघणं’ मोजतात ते कसं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जागत्या उंदराच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी कशा मोजतात, आणि पुण्यात असा सेटअप उभारला तर काय बिघडतं.

पहिली थोडक्यात. व्हायरसने पेशींत जीकॅम्प हे प्रथिन घालतात, कवटीत 3 ते 5 मिमीची काचेची खिडकी बसवतात, डेंटल सिमेंटने धातूची पट्टी चिकटवून डोकं स्थिर करतात आणि दोन-तीन आठवडे थांबतात. पेशी फायर झाली, म्हणजे तिने विजेचा ठोका दिला, की आत कॅल्शियम वाढतं, प्रथिन हिरवं चमकतं. ती चमक 920 नॅनोमीटरच्या टू-फोटॉन लेझरने (दोन प्रकाशकण एकाच वेळी शोषले गेले तरच प्रथिन चमकतं) टिपतात.

पट्टे जाडच हवेत, उंदराची नजर फार अधू. नेहमीचा आकडा अंशाला 0.04 आवर्तनं, म्हणजे एक काळा आणि एक पांढरा पट्टा मिळून 25 अंश. हात लांब करून वीत पसरा, साधारण तेवढं. पट्टे सरकायच्या आठ दिशा, प्रत्येकी 2 सेकंद पट्टे आणि 4 सेकंद करडा पडदा, दहा फेऱ्या: 8 मिनिटं. क्रम दर फेरीला बदला. करड्याचा सरासरी उजेड पट्ट्यांइतकाच ठेवा, नाहीतर पेशी पट्ट्याला नव्हे, उजेडाच्या फरकाला उत्तर देतात.

आता बिघाड. सगळ्यात फसवा म्हणजे मॉनिटरचा उजेड थेट डिटेक्टरमध्ये, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रात, शिरणं. पट्टे दिसले की सिग्नल वाढतो, आणि माणूस खूश होतो. परीक्षा सोपी आहे: लेझरचं शटर बंद करून तेच पट्टे चालवा. तरीही सिग्नल हलला तर गळती आहे. ऑब्जेक्टिव्हपासून (सूक्ष्मदर्शकाच्या भिंगापासून) डोक्याच्या पट्टीपर्यंत काळ्या रबराचा शंकू लावा, कडा काळ्या टेपने बुजवा.

दुसरं, शेजारच्या पेशींचा गोंगाट. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर एकच ढोल वेगळा ऐकायचा, तसंच हे. पेशीभोवतीच्या कड्याचा सिग्नल साधारण 0.7 ने गुणून वजा करतात. हा आकडा दगडावरची रेघ नाही, बदलून बघा. निष्कर्ष त्यावरच उभा असेल तर तो कच्चा.

मेंदू आडवा हलला तर सॉफ्टवेअर सावरतं, वर-खाली हलला तर नाही. त्या वेळच्या फ्रेम (चित्रं) टाकून द्या. डोकं स्थिर असलेला उंदीर पायाखालच्या फिरत्या चेंडूवर धावतोय की उभा आहे, हेही नोंदवा. धावताना त्याच पट्ट्यांना प्रतिसाद बराच वाढतो.

पुण्याचं म्हणाल तर पावसाळा. हवेतली वाफ 920 ते 940च्या आसपासचा प्रकाश शोषते, त्यामुळे टायटॅनियम-सॅफायर लेझरचं (टू-फोटॉनसाठी वापरतात त्याचं) मोडलॉक, म्हणजे अतिशय छोट्या स्पंदांत चालणं, सुटतं. लेझरच्या पेटीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडत राहा. रात्री एसी बंद करून वीज वाचवू नका, सकाळी अलाइनमेंट (आरसे-भिंगांची जुळणी) सरकलेलं असतं.

एक मात्र माझं ठाम मत: चमकणाऱ्या पेशी म्हणजे सर्किट (एकमेकींवर परिणाम करणाऱ्या पेशींचं जाळं) नव्हे. सर्किट म्हणायचं तर काही पेशी गप्प करून पाहावं लागतं. त्यासाठी इतरांना दाबणाऱ्या पेशींत चॅनेलरोडोप्सिन (प्रकाशाने पेशी चालू करणारं प्रथिन) घालून निळा प्रकाश टाकतात. पण तोच प्रकाश उंदराच्या डोळ्यालाही दिसतो! म्हणून चॅनेलरोडोप्सिन नसलेल्या उंदरांवर तोच प्रकाश टाकून तुलना करणं सक्तीचं.

प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते, तिला वेळ जातो. तोवर ॲलन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या मेंदू-संशोधन संस्थेचा खुला डेटा उतरवून घ्या आणि स्वीट-टू-पी (Suite2p) हे असा डेटा तपासायचं मोफत सॉफ्टवेअर हाताळून बघा. 0.7 चा खेळ लॅपटॉपवरही खेळता येतो.